ताईच्या तळव्यातली ओढ

४ फेब्रुवारी
ताईची उजवी मूठ आणखी आवळली! इस्त्रीनं तळवा भाजून आठ महिने झाले, जखम केव्हाच भरली — पण व्रण बोटं आत ओढतोच आहे. शिवताना कापड हातातून निसटतं. "तुझ्या प्रयोगशाळेतल्या पेशी एवढ्या शहाण्या ना? मग सांग त्यांना, सोडा म्हणावं!" हसली. मी नाही.

११ फेब्रुवारी
दिवसभर सूक्ष्मदर्शकाच्या अंधाऱ्या खोलीत. मऊ, पारदर्शक जेलच्या थरात बारीक चमकते मणी, पाण्याखाली मोहरी सांडल्यासारखे. मधोमध एकच पेशी, पाय पसरून. ती ओढते — मणी तिच्याकडे सरकतात. किती सरकले ते मोजलं की तिचा जोर कळतो. डोळे नाहीत, हात नाहीत, तरी जमीन चाचपते! मऊ लागली की सैलावते. कडक लागली की हट्टाला पेटते, आणखी ओढते. ओढून ओढून भोवताल आणखी कडक. आगीत तेल. ताईच्या तळव्यात हेच चाललंय.

१२ फेब्रुवारी
लांबची दुसरी पेशी वळली! स्पर्श नाही, मध्ये नुसतं जेल. पहिलीची ओढ तिला पोचली असणार. बघतच बसले. जेवायचं राहिलं.

२ मार्च
शस्त्रक्रिया झाली. व्रण काढला, मांडीची कातडी लावली. कापलेला तुकडा आमच्या प्रयोगशाळेला द्यायला ताईनं आधीच सही केली होती. "घरातलं घरात," म्हणाली.

२९ मार्च
आज भिंगाखाली ताईच्याच पेशी. कडक जेलवरच्या ताणून बसलेल्या — अगदी तिच्यासारख्या हट्टी! मऊवरच्या निवांत, उन्हात पडलेल्या मांजरीसारख्या. बघता बघता माझेही खांदे उतरले. वाटलं, मीच त्या जेलमध्ये तरंगतेय आणि लांबून कुणीतरी हलकेच ओढतंय.

७ एप्रिल
व्यायाम करून घेणाऱ्या बाई बजावून गेल्या, "रोज ताणा. नाहीतर पुन्हा मूठ!"

१६ एप्रिल
रोज संध्याकाळी तेल लावून तिचं एकेक बोट उघडते. ती डोळे मिटून गुणगुणते. सांगायचं अगदी ओठांवर येतं. गिळते.

८ मे
सांगितलं. त्या दिवशी इस्त्री मीच चालू ठेवून गेले होते.  ताईनं उजव्या हातानं फाडकन दिली! आरशात पाहिलं — गालावर पाचही बोटं. सुटी सुटी. सरळ.