देव्हाऱ्यातला राजा

५ नोव्हें. २०१५
टँकर आज पण नाही. त्यात घरमालकांचा निरोप: जागा बिल्डरला दिली, संक्रांतीपर्यंत दुसरीकडं बघा. इथं धुणं तुंबलंय, आणि मी काय बघू डोंबल!
हे हळूच म्हणाले, "आईची लक्ष्मी कुणाला दाखवून बघू का?" म्हणजे सासूबाईंच्या देव्हाऱ्यातलं सोन्याचं नाणं.

७ नोव्हें.
'उजळून आणतो' असं आईंना सांगून हे घेऊन गेले. नाणी जमवणाऱ्या काकांनी भिंग लावलं. लक्ष्मी नाहीच! स्वीडनचा राजा. केस खांद्यावर मोकळे, म्हणून आम्ही बाई समजलो. तिकडच्या कुठल्या जुन्या लढाईच्या दिवसांत पाडलेलं, फार दुर्मिळ. विकलं तर ह्यांनी बघून ठेवलेल्या फ्लॅटचं बुकिंग होतंय.
इतकी वर्षं बाप्याला हळदीकुंकू... हसू आवरेना. मग रडूच आलं.

९ नोव्हें.
आईंना सांगायचं कसं? माहेरची एवढीच खूण. लेणी बघायला आलेला एक गोरा आईंच्या गावी, फर्दापुरात, तापानं पडला, आईंच्या वडिलांनी घरी ठेवून बरा केला. जाताना त्यानं हे चिमुरड्या आईंच्या मुठीत दिलं.
हे म्हणतात, तूच सांग. वा रे वा, आई कुणाची?

११, लक्ष्मीपूजन
सगळं सांगितलं, राजाचं पण, घराचं पण. हळदीची बोटं तशीच थांबली.
"बाप्या हाय व्हय? लढाईतला? लई लांब आला गं घरदार सोडून."
पदरानं त्याचं कुंकू पुसलं, तान्ह्याचं तोंड पुसावं तसं. जेवल्या नाहीत. मला मेलीला आजच कुठली अवदसा आठवली!

१३, भाऊबीज
आईंना भाऊ नाही. दरवर्षी गच्चीवर जाऊन चंद्राला ओवाळतात. आज गेल्या नाहीत. पाट मांडला, रांगोळी काढली, पाटावर नाणं ठेवलं. टिळा, अक्षता, निरांजन.
"बाई समजले रे दादा, राग धरू नको."
आम्ही दोघं दारात उभे. ह्यांचे डोळे भरलेले.
मग नाणं उचलून माझ्या हातावर ठेवलं. "भावानं मला ओवाळणी घातली. आता माझी हाय, तुला देते. घर बघा."

१६ नोव्हें.
काकांचे दोन फोन. नाणं माझ्या पदराच्या गाठीत. टँकरखाली बादली लावतानासुद्धा गाठ चाचपून बघते.
संध्याकाळी भाजी निवडता निवडता आई म्हणाल्या, "नव्या घराला गच्ची हाय ना गं?"
"आहे," मी म्हणाले. काकांचा फोन परत वाजत होता. वाजू दिला.