घुसळणीपुरती वीज

इब्ब, ४ रजब

चि. नशवान यास आईचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

खांदा सोडला तर मी खुशाल आहे. फोन असताना पत्र कशाला, असं तू म्हणशील. फोनवर तू "हो आई, बरं आई" म्हणतोस आणि ठेवून देतोस. सेहेचाळिसाव्या वर्षी बायकांच्या वर्गात जाऊन मी अक्षरं गिरवली, ती काय पिठाच्या पोत्यावरची नावं वाचायला? अब्दो ड्रायव्हर जेद्दाला माल घेऊन निघालाय, त्याच्या हाती हे देतेय. कागदावर लिहिलेलं मागून नाकारता येत नाही, तुलाही आणि मलाही.

तू फोनवरून आणि नाजीमामानं इथे जेवायला बसून गेल्या ईदेला ठरवलंत की येत्या रमजान ईदेनंतर या घराला कुलूप लावायचं आणि मला सना शहरात मामाकडे न्यायचं. खांदा गेलेली एकटी बाई राहणार कशी, म्हणालात. गाय विकून टाक म्हणालात, तो विषय संपला. तेव्हा मी गप्प बसले, कारण ताटावर भांडू नये. आता सांगते, मला जायचं नाही. भावाच्या घरात मी पाहुणी, इथे मी मालकीण. तू जाताना तुझ्या खोलीला लावलेलं कुलूप आठ वर्षं बघतेय, या घराला दुसरं नको.

आता कामाचं. सरकारी तारांवर सात वर्षं फक्त चिमण्या बसतात. छतावरच्या पॅनेलनं बॅटरी भरते, तिच्यावर चार दिवे लागतात. मला तिच्यावर तू पाठवलेलं वॉशिंग मशीन चालवायचंय. बाजारातल्या मुतहरकडून इन्व्हर्टर आणला, खोक्यावर ठळक एक हजार वॅट लिहिलेलं. दिवा लागला, रेडिओ गायला, पण मशीन नुसतं गुरगुरलं आणि जळका वास सोडून बसलं. नाव सोनुबाई अन् हाती कथलाचा वाळा. मुतहरला खोकं परत नेऊन दिलं आणि दुकानात चार गिऱ्हाइकं असतानाच दिलं. तू एवढ्या मोठ्या दुकानात आहेस, तर रोज पहाटे मशीन सुरू करेल असा इन्व्हर्टर निवडून दे.

वेळेवर जेवत जा. माया आहेच, उत्तरही असू दे.

तुझी आई,
हूरिया


जेद्दा, १५ रजब

ती. आईच्या सेवेशी नशवानचा सा. सलाम. वि. वि.

पत्र पोचलं. अक्षर माझ्याहून चांगलं आहे, हे अब्दोनंही कबूल केलं. मी मजेत आहे. दुकान थंडगार, हाताखाली बारा माणसं, फडताळं मालानं भरलेली. काळजी नसावी.

मुतहरनं तुला फसवलं, पण अर्धंच. इन्व्हर्टरला दोन आकडे असतात. एक तो दिवसभर पेलतो तो, आणि दुसरा क्षणभर दम धरून पेलतो तो. दुकानदार दुसराच मोठ्या अक्षरांत लिहितात. बसलेली गाय उठवायला चार जण लागतात, उठली की एक पोरगी तिला हाकत नेते. मोटरचंही तसंच असतं. तुझं मशीन चालताना तीनशे वॅट खातं, पण उठताना हजाराच्या वर मागतं. दुसरं असं की स्वस्त खोक्यातली वीज धक्के देत येते. दिव्याला त्याचं काही वाटत नाही, मोटर मात्र त्यानं तापते आणि रडते. तुला शुद्ध लहरीचा इन्व्हर्टर हवा, दिवसभर एक हजार पेलणारा, क्षणभर दोन. त्याहून मोठा घेऊ नये. मोठं खोकं काम नसतानाही नुसतं बसून बॅटरी खातं. हे मी गिऱ्हाइकांना रोज सांगतो, तरी लोक मोठाच उचलतात.

आता माझा प्रश्न. घरात तू एकटी, तुझे कपडे ते किती? ते रोज धुवायचे? आणि तेही पहाटे, ऊन यायच्या आत? शिवाय तुझ्या पत्राच्या खालच्या कोपऱ्याला डाग आहे, त्याला साजूक तुपाचा वास येतोय. अब्दोच्या गाडीत शेजारी फक्त टायर होते, मी विचारलं. आई, ताकाला जाऊन भांडं लपवू नये. मशीनमध्ये काय घालतेस ते सरळ लिही, म्हणजे मला इन्व्हर्टर नीट निवडता येईल.

लहान तोंडी मोठा घास घेतला, रागावू नये. लोभ होता तेवढाच ठेवावा.

आपला,
नशवान


इब्ब, २८ रजब

चि. नशवान यास आशीर्वाद, आणि एक चपराक उधार. वि. वि.

आईच्या पत्राचा वास घेणारा मुलगा मी जन्माला घातला, हे मला माहीत नव्हतं. बरं, ऐक.

आपली गाय वर्दा विकलेली नाही. ती शेजारच्या नजीबाच्या गोठ्यात आहे, सुखात आहे, आणि दूध पूर्वीपेक्षा जास्त देते. मी खोटं बोलले नाही, विषय संपला एवढंच लिहिलं. तो माझ्यापुरता खरंच संपला होता.

तू पाठवलेल्या मशीननं आजवर एक कपडा पाहिलेला नाही. कपडे मी दगडावर धुते, ते काही मरत नाहीत. छताला टांगलेला, दही भरलेला सुका भोपळा तासभर हलवून लोणी काढताना माझा खांदा गेला. मागच्या थंडीत नजीबाच्या जनरेटरवर मशीन लावलं, त्यात साबण कधी गेलाच नव्हता, कढत पाण्यानं तीनदा धुतलं आणि दही ओतलं. वीस मिनिटांत लोणी वर आलं. मी आणि नजीबा त्या डब्यात डोकं घालून हसत बसलो. मग पाच घरच्या बायका दही घेऊन येऊ लागल्या. ज्यांचं दही त्यांचं लोणी, दहातला एक वाटा माझा. पण जनरेटरचं डिझेल आता बाजारात मिळेनासं झालंय.

रमजानात इथे तुपाशिवाय कोणाची चूल पेटते? थरांच्या रोटीवर मधाआधी तूप लागतं. अर्ध्या गल्लीला मी तुपाचा शब्द देऊन बसलेय. मशीन चाललं तर ईदेला मामासमोर डबे मांडून म्हणेन, ही बघ खांदा गेलेली बाई. नाही चाललं तर बायका दही घेऊन दुसरीकडे जातील, वर्दा खाटकाच्या दारी जाईल, आणि मी सनाला वहिनीच्या स्वयंपाकघरात कांदे चिरीन. एवढं सगळं त्या खोक्यावर आहे. आता मामाला सांगायचं तर सांग. पण आधी इन्व्हर्टर पाठव, मग सांग.

रागावलास तर जेवून रागव. लोभ वाढव, वाद नको.

आई


जेद्दा, १२ शाबान

ती. आईस सा. सलाम. वि. वि.

रागावलो होतो. दोन दिवस रागावलो होतो. आठ महिने मी वर्दाच्या नावानं हळहळतोय, तिच्या वासराचे फोटो काढून बघतोय, आणि ती शेजारी रवंथ करतेय. मग मशीनमध्ये डोकं घालून हसणाऱ्या तुम्ही दोघी डोळ्यांपुढे आल्या आणि राग टिकला नाही.

मामाला सांगत नाही. पण अट माझीही लिहून ठेव, कागदावर लिहिलेलं नाकारता येत नाही म्हणतेस ना? पूर्ण रमजानात मशीन एक दिवस जरी अडलं तर तू मुकाट सनाला जायचं. नाही अडलं तर कुलपाची गोष्ट मी कधी काढणार नाही, मामालाही काढू देणार नाही.

अब्दोबरोबर इन्व्हर्टर पाठवलाय. शुद्ध लहरीचा, तुझ्या बारा व्होल्टच्या बॅटरीला चालणारा, तीन हजार वॅटचा आहे. हजाराचा फडताळावर नव्हता. बॅटरी आणि इन्व्हर्टर यांच्यामधल्या तारा सोबतच्याच वापर, बोटाएवढ्या जाड आणि हातभर लांब. त्या लांबवू नकोस. मशीन उठताना दुसरं काही लावू नकोस. लोणी निघालं की इन्व्हर्टर बंद कर, नुसता बसू देऊ नकोस. त्याच्या जाळीवर फडकं वाळत घालू नकोस, मी तुला ओळखतो.

आज दुपारची जुहरची नमाज झाली आणि खोलीवर बसून सावकाश लिहितोय. पाठ जरा धरलीय, बाकी ठीक. लोभ कमी झाला नसेल असं धरून चालतो.

नशवान


इब्ब, २५ शाबान

चि. नशवान यास आशीर्वाद. वि. वि.

खोकं पोचलं. अब्दो म्हणाला, तुमच्या मुलानं लोहाराची ऐरण पाठवलीय का?

तुझं सगळं ऐकलं, एक सोडून. बॅटरी माझ्या खाटेजवळ, मशीन आपल्या गोठ्यात, वर्दाही तिथेच परत आणलीय, म्हणून मुतहरकडची बारीक तार आणून मधे वीस हात लांबवली. मशीन जरा हललं, इन्व्हर्टरनं किंचाळी फोडली, आणि वर्दानं दावं तोडलं. नजीबा म्हणाली, मुलानं पाठवलेलं खोकंही मुतहरच्याच जातीचं. मला ते झोंबलं. तुझं पत्र पुन्हा काढून वाचलं. मग बॅटरीच उचलून गोठ्यात नेली, नजीबा एका बाजूला आणि मी एका बाजूला, तुझ्या जाड तारा लावल्या. यंत्राला बॅटरीजवळ बोलावता येत नसेल तर बॅटरीनं उठून जावं, यात कमीपणा कसला? बटण दाबलं आणि मशीन असं उठलं की दही उडून माझ्या नाकावर आलं. पाचही घरच्या बायकांनी लग्नासारखा गलका केला. वर्दा आता आवाजाला सरावलीय.

एक विचारते. तुझ्याच शिकवणीप्रमाणे हजाराचा पुरत होता, आणि मोठं खोकं नुसतं बसून खातं. मग तीन हजारांचा का?

लोभ आहे, उत्तराची वाट आहे.

आई


जेद्दा, १० रमजान

ती. आईस सा. सलाम. वि. वि.

लिहिलं होतं ना, दुसरा नव्हता. रमजानात दुकानात फार गर्दी असते, म्हणून दोनच ओळी. मशीन अडलं का? तूप कसं झालं? मामा कधी येतोय? पाठीचं काही नाही, तू विचारशील म्हणून आधीच सांगतो. लोभ असाच असावा, शंका नसावी.

नशवान


इब्ब, ४ शव्वाल

चि. नशवान यास आईचे आशीर्वाद आणि ईद मुबारक. वि. वि.

तीस दिवस, तीस घुसळणी. एक दिवस अडलं नाही. सतराव्या दिवशी ढग होते, बॅटरी अर्धीच भरली, तर त्या संध्याकाळी घरातले दिवे लावले नाहीत. कंदिलाच्या उजेडात इफ्तार केलं, पहाटे लोणी निघालं. काय चालवायचं आणि काय नाही हे ठरवता आलं की थोडी वीज पुष्कळ होते.

ईदेच्या दुसऱ्या दिवशी मामा आला. हातात पितळी कुलूप, नारळाएवढं. मी थरांची रोटी पुढे ठेवली आणि वरून तूप सोडलं. पहिली खाल्ली, दुसरी खाल्ली, मग विचारलं, तूप कुणाकडचं? मी त्याला गोठ्यात नेलं. वर्दाकडे बघून त्याचा पारा चढला, मशीनकडे बघून उतरला. झाकण उघडून आत वाकून बघितलं. मग म्हणाला, तुझ्या वहिनीला यातला एक डबा नेऊ का? दोन दिले. कुलूप ओसरीत विसरला, किंवा विसरल्यासारखं केलं. ते मी गोठ्याला लावलंय.

आता तुझी पाळी. ताकाला जाऊन भांडं कोण लपवतंय रे?

अब्दोनं काल सांगितलं, मी त्याला आधी जेवू घातलं होतं. तुझ्या दुकानाचं शटर रजबपासून खाली आहे. तू बंदरावर पोती उतरवतोस. पण त्यानं तोंड उघडण्याआधी मला कळलं होतं, आणि कशावरून ते सांगते. बाराजणांचा मुख्य दुपारी खोलीवर बसून सावकाश पत्र लिहीत नाही. भरल्या फडताळावर हजाराचा इन्व्हर्टर नाही असं होत नाही. आणि गरजेपेक्षा मोठं खोकं घेऊ नये असं जो मला शिकवतो, तो एक बाई आणि एक गाय यांच्यासाठी तीन यंत्रांचं बळ निवडतो. त्याचा आकडा चुकलेला नसतो, बाळा, त्यानं त्यात स्वतःलाही मोजलेलं असतं. त्याला घरी यायचं असतं आणि म्हणता येत नसतं.

लपवायला तू शिकलास कुणाकडून, हे दोघांनाही ठाऊक आहे, तेव्हा कोणी कोणावर रागवायला नको. पण माझा खांदा भोपळ्यानं गेला, तुझी पाठ परक्याच्या पोत्यांनी जाऊ देणार नाही. तू तिथे आठ वर्षं राहिलास आणि मी तुला कधी ये म्हटलं नाही, कारण मला वाटायचं तू तिथे सुखात आहेस. आता म्हणते. ये.

नजीबाचं जुनं मशीन मी गोठ्यात आणून ठेवलंय, कढत पाण्यानं तीनदा धुतलंय. दही देणारी घरं आता अकरा झालीत. दोन्ही मशीनं एकदम उठवायची नाहीत हे मला कळतं, पण कोणतं आधी आणि कोणतं मागून, तारा कशा जोडायच्या, ते तूच येऊन ठरव. तोवर मी दुसऱ्याचं बटण दाबणार नाही.

अब्दो गुरुवारी तुझ्या गल्लीत असेल. त्याच्या गाडीत येताना टायर नसतात, जागा आहे. लोभ किती आहे ते इथे आल्यावर बघ.

तुझी आई,
हूरिया

ता. क. तुझ्या खोलीची किल्ली तुझ्याकडे आहे हे माहीत आहे. वाट बघितली नाही, कोयंडाच काढला. खोली झाडून ठेवलीय.