मधलं वीस फूट आतडं

सर, तुम्हाला जाऊन चौदा वर्षं झाली, आणि मी दिग्रसच्या माझ्या दवाखान्यात बसून तुम्हाला एका बाईच्या पोटाबद्दल लिहिते आहे. दुसऱ्या कुणाला त्यात एवढा रस वाटला नसता.

यवतमाळच्या वॉर्डातली ती सकाळ अजून दिसते. मी शिकाऊ डॉक्टर आहे, केसपेपरवर ‘पोटदुखी, दोन महिने’ एवढंच लिहिलंय. तुम्ही कागद परत देता आणि सगळ्यांसमोर शांतपणे म्हणता, “हे तर तिनं सांगितलं. तुम्ही काय विचारलं?” मी मान खाली घालून पुन्हा खाटेपाशी जाते. नंतर चहा पिताना तुम्ही समजावलं होतं, की वरून घातलेली दुर्बीण जठराच्या जरा पुढे थांबते आणि खालून घातलेली मोठ्या आतड्याच्या टोकाशी. मधलं वीसेक फूट लहान आतडं दोघींनाही दिसत नाही. तिथं गाठ क्वचित होते. झाली तरी आतला रस पातळ, तो सरकत राहतो, आणि वाट पार अरुंद होईपर्यंत माणसाला नीट काही कळत नाही. “म्हणून तिथं कानानं पाहावं लागते,” तुम्ही म्हणालात.

ही बाई फुलसावंगीची, शाळेत खिचडी शिजवते. पावसाळ्यात आली तेव्हा ओठ पांढरे, हिमोग्लोबिन सातवर, वजन उतरलेलं. दोन्ही दुर्बिणींचे रिपोर्ट चांगले. मधे क्षयाची शंका आली होती, तीही तपासणीत टिकली नव्हती. नवरा म्हणाला, हिला काळजीचा रोग आहे. तो पाणी आणायला बाहेर गेला तेव्हा ती बोलली.

“जेवल्यावर घंट्याभरानं गोळा उठते, मॅडम. बेंबीपाशी फिरते. मंग गुरगुर करते अन् जिरून जाते. कोणाले दाखवाले गेली का तो नसतेच.”

मी तिला डबा तिथंच खायला लावला. भाकर आणि तुरीचं वरण. दर दोन पेशंटच्या मधे जाऊन तिच्या पोटावर हात ठेवत होते. तासाभराने तळहाताखाली काहीतरी हळूच घट्ट झालं, फुगलं, आणि गुरगुरत ओसरलं. सर, मी घाबरायला हवं होतं, पण मला आधी विलक्षण नवल वाटलं.

यवतमाळला सीटी स्कॅन झाला. आतडं आतड्यातच शिरत होतं, सदऱ्याची बाही आत ओढली जावी तसं, आणि आपोआप सुटत होतं. त्याला ओढणारी गाठ सुपारीएवढी. तिच्यातूनच महिनोन्‌महिने रक्त झिरपलं होतं. सर्जनने तेवढा भाग काढून टोकं जोडली. गाठ कर्करोगाची निघाली, पण आजूबाजूच्या ग्रंथी स्वच्छ होत्या. आता ती पुन्हा शाळेत जाते, दर तीन महिन्यांनी दाखवायला येते. एवढ्या लांब आतड्यात गाठी इतक्या कमी का, हे मात्र मला अजून कळत नाही. अन्न तिथून लवकर निघून जातं म्हणून? तुमचं काहीतरी मत असतंच.

एक राहिलं. त्याआधीच्या दिवाळीत ती एकदा माझ्याकडे येऊन गेली होती. बाहेर गर्दी होती. मी आम्लपित्ताच्या गोळ्या लिहून दिल्या आणि पुढच्या पेशंटला आत बोलावलं. तिला ते आठवत असणार. ती बोलत नाही, आणि मीही अजून विषय काढलेला नाही.