दोन आठवडे आधीचं ईस्टर

१० मार्च, सोमवार
आजपासून उपासाचे चाळीस दिवस. दिवसातून एकदा जेवण, तेही संध्याकाळी. लोणी, अंडी, चीज बंद, ते थेट ईस्टरला. माझ्यासारख्याला यात अवघड काही नाही. संकल्प तीन. घंटेआधी उठणे. कोठीघराकडे न बघणे. अन्नाचा विचारही मनात न आणणे. तिसरा लिहिताना लोणी आठवलं. ते धरायचं नाही, संकल्प अजून ओला होता.
(ही रोजनिशी वासराच्या कातड्याच्या वाया जाणाऱ्या कातरणींवर लिहितो आहे. उधळपट्टी नाही.)

१२ मार्च
घंटेनंतर उठलो. घंटा लवकर झाली असावी.
मठाचे गणिती प्लेग्विनभाऊ दोन वर्षांपूर्वी आंधळे झाले. ईस्टर कधी हे तेच काढतात. वसंतातली पौर्णिमा होऊन गेली की पुढचा रविवार. यंदा त्यांनी २० एप्रिल काढलाय. त्यांच्यानंतर हे काम कुणाकडे? आकड्यांत गती असलेला मठात दुसरा आहे कोण? मठाधिपती अजून माझं नाव जाहीर करत नाहीत. मला गर्व होऊ नये म्हणूनच असणार.
प्लेग्विनभाऊ रोज संध्याकाळी विचारतात, "तिलबर्टा, जरा बाहेर बघ रे, चंद्र केवढा दिसतोय?" समुद्रावरून वारा असा येतो की कान गळून पडावेत. मी आतूनच सांगतो, ढग आहेत. बहुधा असतातही.

१५ मार्च
वालाचं कढण. वाल किती, तर अकरा. कोठीवाला बोथेल्म सगळ्यांदेखत म्हणाला, "तिलबर्टभाऊ, मोजून खाताय की खाऊन मोजताय?" लोक हसले. विद्वानाला हे सोसावंच लागतं.

१९ मार्च, बुधवार
झोप नाही. पोट बोलतं. वेळ सत्कारणी लावावा म्हणून ईस्टर स्वतः मोजायला बसलो. रीत सोपी आहे. चंद्राचं चक्र एकोणीस वर्षांचं. डाव्या हाताची पेरं चौदा, नखं पाच, झाले एकोणीस. मठ बांधला ते वर्ष करंगळीवर धरायचं आणि एकेक वर्ष पुढे सरकायचं. (अंगठ्याचं नख जानेवारीत ग्रंथपेटीच्या झाकणाखाली आलं आणि गळालं. अजून ठणकतं.)
उत्तर आलं ६ एप्रिल!
पुन्हा मोजलं. ६ एप्रिल. सलग चार वेळा. म्हणजे प्लेग्विनभाऊ दोन आठवडे चुकले. सबंध मठ चुकला. मला आनंद वगैरे काही झाला नाही, फक्त तारखेखाली दोनदा रेघ ओढली.

२० मार्च
एक शंका. ईस्टर सहाला असेल तर उपास दोन आठवडे आधीच सुरू व्हायला हवे होते. आता त्याला इलाज नाही. देव दयाळू आहे. दोन आठवडे आधी संपणार याचा मी मुळीच विचार करत नाहीये.

२२ मार्च, शनिवार
डोंगरावर बुग्गा म्हातारीकडे. मेंढपाळीण, वय तिचं तिलाही ठाऊक नाही. जन्मभर जुन्या देवांना दूध वाहिलं, आता तिला बाप्तिस्मा हवाय. दर शनिवारी जाऊन मी तिला विश्वासाची वचनं पाठ करायला लावतो. ती चौथ्याशी अडते. खोकला वाईट आहे. मठाधिपतींनी निरोप धाडला होता की आजारी माणसाला कधीही बाप्तिस्मा देता येतो. ती म्हणाली, "चोरून नको महाराज. ईस्टरला, पांढरं नेसून, चारचौघांबरोबर."
तिच्या चुलीवर मटण शिजत होतं. मी दाराबाहेर बसून शिकवलं.

२६ मार्च
मठाधिपतींना आज सांगणारच होतो. पण मांडणी सुबक हवी, सुबक मांडणीला चांगलं कातडं हवं, आणि कातडं मागितलं तर कशाला म्हणून विचारतील. उद्या.

२८ मार्च
आज नक्की. पण त्यांची दाढ दुखत होती. दाढ दुखणाऱ्याला सत्य सांगू नये.

२९ मार्च, शनिवार
बुग्गा वाळली आहे. मला म्हणाली, "वीस एप्रिल कुणी बघितलाय, महाराज?" माझ्या तोंडून निघून गेलं की वीस कशाला आजी, ईस्टर सहालाच आहे. तिने माझ्याकडे बघितलं. मग विचारलं, "तुम्ही मोजलंत?" मी म्हणालो, चार वेळा. तिने मान हलवली आणि पोराला हाक मारून पांढरं कापड काढायला सांगितलं.
परतताना वाटेत वाटलं, आधी मठाधिपतींना सांगायला हवं होतं. असो. सत्य खालून वर गेलं तरी सत्यच.

३ एप्रिल
ठरलं. कुणालाही दुखवायचं नाही. मी एकटाच सहाला ईस्टर पाळीन, आणि योग्य वेळ बघून बाकीच्यांना कळवीन. प्लेग्विनभाऊंनी पुन्हा चंद्राचं विचारलं. ढग, म्हणालो. "महिनाभर ढगच, तिलबर्टा?" म्हणाले. म्हाताऱ्यांना काळाचं भान राहत नाही.

६ एप्रिल, रविवार. ईस्टर!
पहाटे घंटेआधी उठलो. पहिला संकल्प आज पुरा झाला. कोठीघरात जाऊन मनातल्या मनात स्तोत्र म्हटलं आणि अंडी फोडून कच्चीच प्यालो. तीन. मग पाच. चीज मोजलं नाही. डोळ्यांत पाणी आलं, ते भक्तीचं होतं.

तोच दिवस, नंतर
हे लिहायला नको वाटतंय.
दाराशी गलका झाला. बुग्गा आली होती. माझी अर्ध्या दिवसाची वाट, तिला पाठुंगळी घेऊन पोराला दीड दिवस लागला. सोबत सून, नातवंडं, शेजारी, सगळे धुतलेल्या कपड्यांत. मठाधिपतींनी विचारलं, "बाई, आज कशासाठी?" ती म्हणाली, "ईस्टर ना आज." कुणी सांगितलं म्हणून विचारल्यावर तिने माझ्याकडे बोट केलं. माझ्या ओठाला अंड्याचं पिवळं होतं. बोथेल्म म्हणाला, "अरेच्चा, आठ अंडी कमी आहेत ती हीच का!"
मी हात पुढे करून गणित समजावू लागलो. प्लेग्विनभाऊ म्हणाले, आण इकडे. चाचपत एकेक पेर मोजलं, एकेक नख. अंगठ्याशी थांबले. "अठराच आहेत की रे," म्हणाले. "इथलं नख कुठे गेलं? नख जातं, वर्ष जात नाही, बाळा." कुणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं.

७ एप्रिल
निकाल. पेन्टेकॉस्टच्या सणापर्यंत भाकरी आणि पाणी. म्हणजे ईस्टरला सगळ्यांचे उपास सुटतील, त्यानंतर माझे आणखी सात आठवडे. गणिताचं काम मठातल्या तरुण थेओड्रिककडे. तो बोटांवर मोजत नाही, प्लेग्विनभाऊंना विचारतो.
बुग्गाला परत नेलं तर पुन्हा आणवणार नाही, म्हणून ती पाहुण्यांच्या खोलीत राहणार. पोराला मात्र जावं लागलं. मेंढ्या व्यायला आल्यात, डोंगरावर दुसरं कुणी नाही. वीस तारखेला त्याला येता येणार नाही. तो आईच्या पाया पडून निघाला. माझ्यामुळे. हे मोजायला बोटं लागत नाहीत.

२० एप्रिल, रविवार
बुग्गा तगली. चौथं वचन तिने न अडता म्हटलं. पांढऱ्यात लहान पोरीसारखी दिसत होती. सारखी दाराकडे बघत होती.
जेवणं सुरू झाली. मी भाकरी घेऊन तिच्याजवळ बसलो आणि क्षमा मागितली. माझ्या मोजण्यापायी तुमचा मुलगा आज इथे नाही, म्हणालो.
ती म्हणाली, "मला माहीत होतं की. निघालो त्या संध्याकाळी चंद्राची एवढीशी कोर होती. पौर्णिमेला अकरा रात्री बाकी. पोरगा म्हणालाही, आये, हे काही खरं नाही. मी म्हटलं, गप. शिकलेला माणूस आहे, बघितल्याशिवाय कशाला सांगेल?"
मग तिने तोंड पुसलं आणि विचारलं, "पुढल्या साली कधी यायचं, महाराज?"
मी म्हणालो, आजी, ते तुम्हीच मला सांगा.