निशाणी क्रमांक ९४ : डोंगराचा हिरवा

४ नोव्हेंबर, सकाळी १०.४०
रिटायर होऊन चौथा दिवस. दिंडोशी कोर्टात दुसऱ्यांच्या तारखा लिहिण्यात जन्म गेला, आता स्वतःच्या लिहायच्या. म्हणून ही वही.

ठराव पहिला: मी चित्रकार आहे. (एलिमेंटरी परीक्षा, बी ग्रेड. इंटरमीजिएटच्या वेळी ताप होता, नाहीतर.)

केस अशी आहे. आमच्या पाचव्या मजल्याच्या किचनमधून नॅशनल पार्कचा डोंगर दिसतो. सव्वीस वर्षं शेवंती रोज सकाळी सहाला त्याच्याकडे बघत चहा पिते. समोर टॉवर येतोय, चौथा स्लॅब पडला. काल ती म्हणाली की संक्रांतीपर्यंत जाईल हो आपला डोंगर. म्हणाली आणि ओटा पुसायला लागली. पुसलेला ओटा पुन्हा पुसला.

मी शब्द दिला. डोंगर जायच्या आत त्याचं चित्र काढून देतो, खिडकीशेजारीच लावू, तुझा चहा चालू ठेव. ती हसली. लग्नानंतर मी तिला दिलेला हा पहिलाच मोठा शब्द. बाकीचे किरकोळ होते, आणि त्यांना मुदतवाढ मिळालेली आहे.

५ नोव्हेंबर
उद्यापासून पहाटे साडेपाचला उठणे. डोंगर तिच्या वेळेला बघायला हवा.

६ नोव्हेंबर, सकाळी ८.५०
उठलो. उद्यापासून नक्की.

७ नोव्हेंबर
निधीने ठाण्याहून ईझल आणि ॲक्रिलिक रंगांचा सेट पाठवला. लेक असावी तर अशी. सेटमध्ये हिरव्या दोन ट्यूब होत्या. दोन्ही परत करतोय. यूट्यूबवरचे सर म्हणतात, खरा चित्रकार हिरवा विकत घेत नाही, बनवतो. निधी फोनवर म्हणाली, बाबा, हिरवा तो हिरवाच ना यार. पोरीला इंजिनीअर केलं, तिथेच चुकलं.

निळा अधिक पिवळा. दीड दिवसाचं काम. शेवंतीला सांगितलं, रविवारी फ्रेमवाल्याकडे जाऊ, तयार राहा.

१० नोव्हेंबर, रविवार
फ्रेमवाला तहकूब.

निळा कमी पडला की पोपट होतो. जास्त पडला की जुन्या स्कूटरची सीट. त्यात चिमूटभर लाल घातला तर शेवंतीने लांबूनच ओळखलं, मेथीची भाजी. कौतुक समजून घेतलं. बाई स्वयंपाकघराबाहेर बोलत नाही, पण नजर आहे.

पद्धत ठरवली. प्रत्येक हिरव्याचा एक चौकोन कागदावर रंगवायचा आणि त्याला नंबर द्यायचा, कोर्टात पुराव्याला निशाणी क्रमांक देतात तसा. आजअखेर निशाणी १ ते ११. डोंगराशी एकही जुळत नाही. चूक डोंगराची आहे. दर तासाला जबाब बदलतो.

१९ नोव्हेंबर
टॉवरची धूळ! ओल्या पिवळ्यात बसते आणि पिवळ्याची खाकी होते. निशाणी १९ ते २३ बाद. वाट लागली.

सोसायटीचे सेक्रेटरी हर्षदभाई टॉवरवाल्यांना तीन महिने हात जोडून सांगतायत, उपयोग शून्य. मी म्हटलं, अर्ज मी लिहितो. अडीच पानं लिहिली, सात मुद्दे. मागणी: पंधरा दिवसांच्या आत संपूर्ण इमारतीला वरपासून खालपर्यंत हिरवी जाळी बांधण्यात यावी. साइट सुपरवायझर सुयोग चांगला मुलगा आहे. वाचून म्हणाला की काका, असा ड्राफ्ट बघून घामच फुटला. लेखणीत ताकद पाहिजे.

२७ नोव्हेंबर
निशाणी ३८. निळ्याच्या ट्यूबचं पोट खपाटीला गेलं. मोठ्या कामात असं होणारच.

शेवंती म्हणाली की आधी पेन्सिलने आकार तरी काढून ठेवा, रंग मागाहून भरता येईल. किंवा मोबाइलवर फोटो काढा. फोटो! मी समजावलं की आधी पुरावा, मग निकाल. आणि आकार काय, पळून जातोय?

पाचवा स्लॅब पडला. डोंगराचे पाय गेले. चित्रात पाय नसतातच.

८ डिसेंबर
पुतण्या अनिरुद्धच्या लग्नाला मालवणला निघालो. दहा दिवस. रंग न्यावेत असं वाटत होतं, पण शेवंतीने पिशवी हातात घेऊन माझ्याकडे नुसतं बघितलं. उठण्याचा विषय परत आल्यावर.

१९ डिसेंबर
परतलो. गाडीत सरांचा नवा व्हिडिओ बघितला आणि डोकं ठिकाणावर आलं. सर म्हणतात, तपशील हा लँडस्केपचा शत्रू. डोळे किलकिले करा, चष्मा असेल तर काढा, फक्त रंगाचा मोठा ठोकळा बघा.

माझा नंबर साडेपाच. म्हणजे देवाने मला लँडस्केपसाठीच घडवलं होतं आणि मी चौतीस वर्षं चष्मा लावून त्याचा अवमान करत होतो!

शपथ: किचनच्या खिडकीतून यापुढे चष्मा लावून बघायचं नाही. एकदाही नाही. नजर बाटते.

२० डिसेंबर, सकाळी १०.१५
चमत्कार. चष्मा काढला, खिडकीत उभा राहिलो आणि समोर हिरवाच हिरवा. टॉवर गायब! तपशील गेला की अडथळाही जातो. सर, तुमचे पाय कुठे आहेत?

आणि डोंगर केवढा जवळ आला. हात लावावासा वाटतो.

२३ डिसेंबर
डोंगर आता जबाब बदलत नाही. सकाळी तोच हिरवा, दुपारी तोच. मी शांत झालो म्हणून तोही शांत झाला. निशाणी ६६. किंचित निळसर हवा.

दुपारी वारा सुटला तर अख्खा डोंगर डावीकडून उजवीकडे लाटेसारखा हलला. जंगल असं एका अंगाने हलतं हे चष्मेवाल्यांना कधी कळणार?

२९ डिसेंबर
शेवंती हल्ली चहा हॉलमध्ये घेते, बंद टीव्हीसमोर. मला कामात व्यत्यय नको म्हणून. न सांगता समजून घेते. आज मात्र दाराशी येऊन उभी राहिली आणि म्हणाली की अजून तिथेच बघत बसता हो तुम्ही. आवाज भरून आला होता. मीही विरघळलो. म्हटलं, कलाकाराला बघावंच लागतं.

४ जानेवारी
निरीक्षणं. (एक) मधोमध फिकट तिरपी रेघ. पावसाळ्यात धबधबा वाहतो तिथली वाट असणार. (दोन) पिवळी फुलं, सात-आठ. साडेआठला उमलतात, एक ते दोन मिटतात, सहाला नाहीशी होतात. नोंद कुठल्या पुस्तकात नसेल.

११ जानेवारी
खाली हर्षदभाई भेटले. म्हणाले, यंदा पार्कचे डोंगर लवकर सुकले, सगळं तपकिरी. मी नुसता हसलो. गुजराती माणूस, धंद्यात हुशार. माझा डोंगर जानेवारीतही हिरवागार आहे.

१७ जानेवारी, दुपारी १२.०५
जमला! जमला! जमला!

निशाणी ९४! पिवळा तीन, निळा दोन, पांढरा एक, लाल नुसता दाखवायचा. कागद हातात धरून खिडकीपुढे नेला तर कागद दिसेना! कुठे कागद संपतो आणि कुठे डोंगर सुरू होतो, काही कळेना! किचनमध्ये दोन उड्या मारल्या. खालच्या मजल्यावरून भांडं पडल्याचा आवाज आला. पडू दे. चौऱ्याण्णव हिरव्यांतून खरा हिरवा सापडलाय!

कॅनव्हासला हात घातला. आता थांबणे नाही.

२४ जानेवारी
चित्र पूर्ण. लाट आहे, धबधब्याची वाट आहे, फुलं आहेत. झकास! सव्वीस तारखेच्या सोसायटीच्या सत्यनारायणाला ठेवायचं, हर्षदभाईंनी जागा दिली. शेवंतीला तिथेच पहिल्यांदा दाखवणार.

२६ जानेवारी, संध्याकाळी
लिहितो. लिहायला हवं.

पूजा झाली. चित्रावरचा पडदा काढला. टाळ्या पडल्या. शेवंती पुढे आली, बघत राहिली. मला वाटलं, गहिवरली.

सुयोग प्रसादाला आला होता. चित्र बघून ओरडलाच की काका, एकदम परफेक्ट! आमची जाळी! ती तिरपी फाटलेली पण काढलीत, मी कधीपासून शिवून घ्या सांगतोय पोरांना. आणि ही आमची माणसं, पिवळी हेल्मेट घालून. त्याने फोटो काढून साहेबांना पाठवला. साहेबांना चित्र सेल्स ऑफिससाठी हवंय.

हर्षदभाई म्हणाले की अर्ज पण यांचाच होता.

वर आलो. चष्मा लावला. खिडकीत गेलो. हिरवी जाळी, वरपासून खालपर्यंत, माझ्या सातही मुद्द्यांप्रमाणे. मध्ये फाटलेली.

मी विचारलं, डोंगर कधी गेला? शेवंती म्हणाली, आपण मालवणहून आलो तेव्हाच गेला होता. मग मला सांगितलं का नाहीस? ती म्हणाली की तुम्ही रोज चष्मा काढून, डोळे मिटल्यासारखे करून तिकडे तोंड करून बसायचात, मला वाटलं आठवून काढताय. माझ्यासाठी.

हे मी उत्तर म्हणून कुठल्या कागदावर घेऊ?

२७ जानेवारी, सकाळी ६.००
झोप लागलीच नाही, म्हणून उठलो. वहीत लिहितो की साडेपाचला उठलो.

शेवंतीने दोन कप चहा केला. नवा कागद ईझलला लावला, पेन्सिल घेतली. डोंगर एक होता की दोन, मला आठवेना. तिने ओट्यावर बोटाने काढून दाखवला. दोन, डावा बुटका. मधल्या खाचेत एकटा ताड. मी तसा काढला. ती म्हणाली, अगदी असाच हो.

मग निशाण्यांचा गठ्ठा तिच्यापुढे ठेवला. एक ते चौऱ्याण्णव, यातला कुठला, सांग. तिने एकेक पान नीट बघितलं. मग म्हणाली की हिरवा कुठे असायचा हो तो, मी बघायचे तेव्हा? सूर्य त्याच्या मागे असायचा. सहाला डोंगर निळा असतो. नुसता निळा, काही न मिसळलेला.

निळ्याची ट्यूब शोधली. कडेने कात्रीने कापलेली, आतून खरवडलेली, संपलेली. सगळा निळा हिरव्यात गेला.