तुळशीला विचारून

येना, जर्मनी, २४ सप्टेंबर

ती. आईस,
वैभवीचा लांबून, पण अगदी खाली वाकून नमस्कार.

मी बरी आहे, वेळेवर जेवते. थंडी अजून सोसवते आहे. बाबांचा गुडघा कसा आहे? पुढचं फोनवर बोलवलं नसतं, म्हणून कागद घेतला.

माझी घरमालकीण उर्झुला एका मंडळात आहे. चर्चच्या आधीचा जुना निसर्गधर्म ही माणसं नव्याने पाळतात. ना ग्रंथ, ना गुरू. जमीन जिवंत आहे, तिच्याकडून घ्यायचं ते विचारून घ्यायचं आणि काहीतरी परत द्यायचं, एवढं मानतात. परवाच्या रविवारी तिच्याबरोबर रानात गेले. होलुंडर नावाच्या रानझुडपाला तिने आधी विचारलं, थोडी थांबली, मग फळं तोडली आणि मुळाशी दूध ओतलं. माझे हात आपोआप जुळले.

परतताना तिने विचारलं, “तुमच्या घरी असं काही करतात?”

मी म्हटलं, “छे, आमच्याकडे सगळे शिकलेले आहेत.”

ती पुढे चालू लागली.

आई, गेल्या वर्षी मला काढा शिकवताना व्हिडिओ कॉलवर तू तुळशीला हात जोडून म्हणालीस, “बाई, दोन पानं घेते हं.” माझ्या शेजारी बसलेल्या लॅबमधल्या मुली हसल्या. तेव्हा नेटवर्क गेलं नव्हतं. मीच कॉल कट केला होता. तू बिचारी सगळी कृती टाईप करून पाठवलीस.

येत्या रविवारी उर्झुला माझ्याकडे चहाला येईल. तेव्हा व्हिडिओ कॉल करीन. तुळशीपाशी उभी राहून तेच म्हण. या वेळी नेटवर्क जाणार नाही.

तुझी,
वैभवी