इशारा: बायको

४ फेब्रुवारी
पुतणीचं, मोनालीचं लग्न ठरलं, मे महिन्यात. माझा धाकटा दीर हरेश करंजाड्याहून स्वतः सांगायला आला, सोबत अख्खा जिताडा. खवलंसुद्धा न काढलेला. शशिकला वहिनी तो आनंदाने कापत बसेल, असा या घराण्याचा चाळीस वर्षांचा गैरसमज आहे.

खरं काम निघताना सांगितलं. हळदीला आईच्या आवाजातले धवले, लग्नाची गाणी, लावायचेत. सखूबाई, माझ्या सासूबाई, गावच्या धवलारीण. त्यांनी गायल्याशिवाय गावात हळद लागत नसे. मला ते हेल कधी झेपले नाहीत. सासूबाई गेल्या, गाव विमानतळाखाली गेलं, आणि दिवाळीनंतर माझे यजमान धर्मराजही गेले. त्यांनी आईला समोर बसवून सगळे धवले मोबाइलवर रेकॉर्ड केले होते. तो फोन नवा घेताना एक्सचेंजमध्ये दिला. आता ते फक्त त्यांच्या लॅपटॉपमध्ये आहेत. दुसरीकडे कुठेही नाहीत.

मी म्हटलं, मिळतील. लॅपटॉप माझ्याच घरात आहे.

५ फेब्रुवारी
पासवर्ड मागतो. चुकला की खाली इशारा दाखवतो. ‘बायको’. इंग्रजी अक्षरांत मराठी, अर्थात. मराठी मीडियम.

हसू आलं. माणूस दुसरं काय ठेवणार? माझं नाव टाकलं. चूक.

पहिलं अक्षर कॅपिटल करून. चूक. नावापुढे जन्मसाल. चूक. लग्नाची तारीख. चूक. माहेरचं आडनाव. चूक.

मी बेलापूरला मोठ्या साहेबांची सेक्रेटरी होते. माझ्या टायपिंगला कोणी खोडरबर लावलेला नाही. तेव्हा दोष बोटांचा नाही.

६ फेब्रुवारी
दोष बायकोचा आहे. म्हणजे ती मी नाही.

बसून विचार केला. त्यांच्या ऑफिसात एक शांती होती. तांदळाच्या भाकऱ्या आणायची, घडी घातलेल्या रुमालात. शांती टाकलं. चूक. बरं वाटलं. पूर्ण नाही, कारण शांतीचं स्पेलिंग लोक दोन-तीन तऱ्हांनी करतात. सगळ्या तऱ्हा करून पाहिल्या.

९ फेब्रुवारी
हरेशचा फोन. उघडत नसेल तर मी येऊन बघतो म्हणाला. नको म्हटलं. दिराला घरात बोलावून त्याच्यासमोर आपलं नाव चुकतंय हे दाखवायचं?

निनादला बंगलोरला फोन. तो म्हणाला, आई, स्टेशनजवळच्या कुठल्याही दुकानात दे, दहा मिनिटांत गाणी काढून देतील. मुलगा हुशार, पण पाचपोच कमी. दुकानातल्या माणसाला माझ्या नवऱ्याची बायको कोण, हे कशाला कळायला हवं?

स्वतः उघडायचा. ठरलं.

१२ फेब्रुवारी
ऑनलाइन वर्ग सापडला. एथिकल हॅकिंग, अगदी नवख्यांसाठी. एथिकल हा शब्द आवडला. आम्हाला शाळेत सिस्टर मॉरल सायन्स शिकवत, त्यात मी कायम पहिली. पाया पक्का आहे.

ग्रुपवर सगळी कॉलेजची मुलं, सुकापूर आणि कळंबोलीची. हॅकर व्हायचंय आणि ‘यू आर’ची दोन अक्षरं करतात. तिघांचं व्याकरण सुधारलं. एक जण ग्रुप सोडून गेला. प्राची नावाची मुलगी मला आजी म्हणाली. मॅडम म्हण, असं सांगितलं. ती मॅडम आजी म्हणू लागली.

२० फेब्रुवारी
शिकवणाऱ्याचं म्हणणं, साध्या सिस्टिमवर हॅकिंग शिकता येत नाही. काली लिनक्स नावाची खास सिस्टिम लागते. ती पेन ड्राइव्हमध्ये भरायची, कॉम्प्युटर त्यावरून सुरू करायचा. मग सगळी हत्यारं हाताशी.

नाव कालीचं, चित्र ड्रॅगनचं. हिंदूही नाही, चिनीही नाही. असो.

संकल्प: मार्चअखेर लॅपटॉप उघडणार. जूनपर्यंत सोसायटीतल्या ज्येष्ठांसाठी मोफत वर्ग. हरेशला सांगून ठेवलं, काम तज्ज्ञांकडे आहे.

४ मार्च
पेन ड्राइव्ह तयार. तीनदा बिघडला. पेन ड्राइव्ह हलक्या प्रतीचा, वीज लहरी, आणि शिकवणारा ‘सिंपली’ म्हणून पुढे पळतो. जे सिंपल असतं त्याला सिंपली म्हणावं लागत नाही.

११ मार्च
आज चालू केला. काळा पडदा, ड्रॅगन, खाली यादी. सगळ्यात वर ‘लाइव्ह’.

म्हणजे लगेच लाइव्ह जायचं. मी गाऊनमध्ये, केसांना तेल. समोरच्या ब्लॉकमधली मनस्वी रोज पोहे करताना लाइव्ह जाते, तिला लाज नाही. मला आहे. ते सोडून खालचं ‘इन्स्टॉल’ घेतलं.

पुढे डिस्कचा प्रश्न आला. गाइडेड, यूज एंटायर डिस्क. अर्धवट कामाचा मला तिटकारा. एंटायर. मग एक लांबलचक सूचना. वाचली, मी सगळं वाचते. वाक्य मोठं, पण बांधेसूद. स्वल्पविराम जागच्या जागी, आणि ‘तुम्हाला खरोखर हे बदल करायचे आहेत याची खात्री दिल्याखेरीज नाही’ अशी सुंदर नकारार्थी रचना. हल्ली असं इंग्रजी कोण लिहितं? सिस्टरांनी फळ्यावर लिहून घेतलं असतं.

खात्री दिली. यस.

१२ मार्च
झालं. आता तो धर्मराजांचा पासवर्ड विचारतच नाही. माझा विचारतो, मी ठेवलेला. अडुसष्टाव्या वर्षी हॅकर.

ग्रुपवर फोटो टाकला. प्राचीने टाळ्या पाठवल्या. मागोमाग विचारलं, मॅडम आजी, बॅकअप घेतला होता ना? लाइव्हमध्येच चालवायचं होतं, त्यात डिस्कला हात लागत नाही, इन्स्टॉलमध्ये ती पुसली जाते, सरांनी सांगितलं होतं. म्हटलं, मी तुझ्याएवढी असल्यापासून फायली सांभाळतेय.

म्युझिकमध्ये पाहिलं. रिकामं. धर्मराजांना वस्तू भलतीकडे ठेवायची खोड होतीच.

१५ मार्च
डॉक्युमेंट्स रिकामं. पिक्चर्स रिकामं. लपवलंय कुठेतरी. बायकोचं नाव लपवणारा माणूस गाणी का नाही लपवणार?

१९ मार्च
निनादला विचारलं, सहज, कुणा मैत्रिणीसाठी विचारतेय असं दाखवून. कोणता पर्याय घेतला मैत्रिणीने? सांगितलं. मग म्हणाला, “आई, एंटायर म्हणजे काय, हे मी तुला सांगायचं?”

फोन ठेवला. मुलांनी आईशी कसं बोलावं, हे बंगलोरला शिकवत नाहीत.

२७ मार्च
शेवटी लॅपटॉप स्टेशनजवळच्या दुकानात दिला होता. आत काय होतं ते सांगितलं नाही, म्हटलं ऑफिसची पत्रं. चार दिवस ठेवून घेतला. एकही पत्र निघालं नाही, असं सांगून आज परत दिला. पत्रं नव्हतीच, तर निघणार कशी? सासूबाईंचा आवाज शोधा म्हटलं असतं तर कदाचित निघाला असता. पुन्हा विचारलं नाही. नाही म्हणाला असता तर?

१४ एप्रिल
हरेश पत्रिका घेऊन आला. सरळ जाऊन लॅपटॉपसमोर बसला. तज्ज्ञांनी काय केलं म्हणाला. म्हटलं, कुलूप तसंच आहे, पासवर्ड सापडत नाही.

तो हसायला लागला. “वयनी, मंग आमाला इचारायचा ना. पासवर्ड ससिकला हाय.”

मी म्हटलं, माझं नाव शंभरदा टाकून झालंय.

“तुमी एच घालून टाकला असाल. दादा एच नाय घालायचा. ससिकला. तुमी वरडता म्हणून घरात नाय बोलायचा तो.” मग लॅपटॉपवर हात ठेवून म्हणाला, “हितं बोलायचा.”

लग्न झालं तेव्हा ते मला ससिकलाच म्हणत. शेजारणी हसायच्या. वर्षभरात मोडून काढलं. जिभेखाली सुपारी धरून शशी, शशी, असं म्हणायला लावलं होतं. त्यानंतर शेवटपर्यंत घरात स्वच्छ शशिकला.

हरेशने लॅपटॉप चालू केला. ड्रॅगन आला. हा कोन, म्हणाला. अपडेट झालंय म्हटलं. त्याने एका बोटाने एकेक अक्षर शोधून ससिकला टाकलं. चूक. पुन्हा टाकलं. चूक. माझ्याकडे पाहिलं. तुमी बदलला काय?

मी चहा ठेवायला आत गेले. साखर घालायची राहिली. तो तसाच प्यायला आणि गेला.

२ मे
मोनालीची हळद. मांडवात स्पीकर आणि वायर तयार. मोनाली पिवळी होऊन पाटावर बसलेली, माझ्या पर्सकडे बघत. काकी, आणलं ना?

म्हटलं, फाइल करप्ट झाली. करप्ट सगळ्यांना कळतं. कोणी खोलात विचारलं नाही. हरेशने तर मान वर करून पाहिलंही नाही.

नात्यातल्या एका म्हातारीने धवला सुरू केला. दोन ओळींनंतर अडली. म्हणाली, पुढचा सखूला येत होता. मग डीजेवाल्याने त्याचं सुरू केलं. भयंकर आवाज. माझे कान अजून दुखतायत. पोलिसांत तक्रार करायला हवी.

५ मे
ग्रुप सोडला. पातळी खालावली आहे.

निनाद म्हणतो, लॅपटॉप कुणाला तरी देऊन टाक. जागा अडते. खरं आहे.

देण्याआधी पासवर्ड बदलला. एस. ए. एस. कुठेही एच नाही. बंद करून पुन्हा चालू केला, टाकला.

पहिल्या फटक्यात उघडला. आत काही नाही.